विषाणूला पत्ता कोण सांगतो?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. जीवशास्त्र मी बारावीला सोडलं, पुढं इंजिनीअरिंग केलं आणि गेली बारा-तेरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहून पोट भरतोय. तरीही आज जनुकोपचारावर बोलायला उभा आहे, त्याचं कारण घरातलं आहे.

माझ्या खालाची मुलगी, आम्ही तिला आपा म्हणतो. चार वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला. तीन महिन्यांचा झाला तरी तो मान धरेना. घरात प्रत्येकाचं आपापलं निदान सुरू झालं. कुणी म्हणालं आईचं दूध पुरत नाही, कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं हिनं ग्रहण पाळलं नाही. शेवटी रक्त तपासलं आणि नाव कळलं : स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, थोडक्यात एसएमए. डॉक्टरांनी सांगितलं की एक इंजेक्शन आहे, एकदाच द्यायचं, किंमत सोळा कोटी. माझ्या अब्बांनी दोनदा विचारलं, “सोळा लाख ना?”

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तसे मेसेज तुमच्याही फोनवर येतात. बाळाचा फोटो, खाली क्यूआर कोड. जुम्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर पोरांनी चादर धरली. यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी दिवसाची मजुरी दिली. चार महिन्यांत एकाहत्तर लाख जमले. मग बाळाला न्यूमोनिया झाला आणि नवव्या महिन्यात ते गेलं. ज्यांचे पैसे परत करता आले त्यांचे केले, उरलेले याच आजाराच्या दुसऱ्या एका मुलीला दिले.

चाळिसाव्याच्या दिवशी माझे मामू माझ्याशेजारी बसले होते. मामू पोस्टमन होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी मला विचारलं, “तू इंजिनीअर आहेस, एक सांग. ते औषध म्हणजे विषाणू आहे म्हणतात. हातातल्या शिरेतून आत सोडायचा आणि तो पाठीच्या कण्यापर्यंत जाणार. त्याला पत्ता कोण सांगतो?”

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून रात्री काम संपलं की याच विषयावर वाचत राहिलो. आज मामूंच्या त्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे. या उपचाराचं यश, त्यातले मृत्यू आणि त्यातलं पुढचं काम, सगळं त्या पत्त्यापाशी येऊन थांबतं.

पाकीट

आपल्या मज्जारज्जूत काही चेतापेशी असतात, त्या स्नायूंना हुकूम देतात. त्यांना जगायला एक प्रथिन लागतं. ते कसं बनवायचं याची कृती एसएमएन-१ नावाच्या जनुकात असते. ते जनुक बिघडलेलं असेल तर या पेशी मरत जातात. हात हलेनासे होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास घेता येत नाही. उपाय ऐकायला सोपा आहे : चांगलं जनुक त्या पेशींत पोचवायचं. अडचण पोचवण्याची आहे. नुसता डीएनए रक्तात सोडला तर त्याचे तुकडे होतात, आणि पेशी तो आपणहून आत घेत नाही.

पेशीत शिरायचं काम निसर्गात एकच मंडळी सराईतपणे करतात, ते म्हणजे विषाणू. म्हणून शास्त्रज्ञांनी विषाणूच्या आतला मजकूर काढून टाकला आणि आपला मजकूर भरला. पाकीट विषाणूचं, पत्र आपलं. याला वाहक विषाणू म्हणतात.

सध्या सर्वात जास्त वापरात असलेला वाहक म्हणजे एएव्ही, अ‍ॅडिनो-असोसिएटेड व्हायरस. १९६५ मध्ये तो दुसऱ्याच एका विषाणूच्या नमुन्यात भेसळ म्हणून सापडला. तो माणसाला आजारी पाडत असल्याचं दिसलेलं नाही. आकार सुमारे २५ नॅनोमीटर. बाहेरचं कवच ६० प्रथिनांच्या तुकड्यांनी जोडलेलं. आत डीएनएची जागा जेमतेम ४,७०० अक्षरांची. ईमेलला जोडायच्या फाइलची मर्यादा असते ना, तशी. एसएमएन-१ ची कृती ९०० अक्षरांच्या आत संपते, ती सहज मावते. ड्युशेन नावाच्या स्नायूंच्या आजारातलं जनुक मात्र मावत नाही. त्याची कृती सुमारे ११,००० अक्षरांची आहे, म्हणून तिचं कापून छोटं केलेलं रूप पाठवावं लागतं.

आता पत्ता. पाकिटावर पत्ता लिहिलेला नसतो. विषाणूच्या कवचाला जी उंचसखल नक्षी असते, ती पेशीच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या रेणूशी जुळली की पेशी त्याला आत ओढते. किल्ली आणि कुलूप म्हणा. कवचाची नक्षी हाच पत्ता. मामूंच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे.

पण एएव्हीची किल्ली पुष्कळ कुलपांना लागते. शिरेतून दिलेल्या एएव्हीचा मोठा हिस्सा यकृतात अडकतो. थोडाच पुढं जातो, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की त्यातून पार होणारे त्याहून थोडे.

मात्रा

पत्ता कच्चा असेल तर काय कराल? जास्त पाकिटं पाठवाल. जनुकोपचारात नेमकं हेच होतं.

झोलजेन्स्मा या औषधात एएव्ही-९ नावाचा, निसर्गातच सापडलेला प्रकार वापरलेला आहे. तो मेंदूच्या भिंतीतून इतरांपेक्षा बरा पार होतो. त्याची मात्रा वजनाच्या दर किलोला ११० लाख कोटी विषाणू. सहा किलोच्या बाळाला ६६० लाख कोटी. प्रौढ माणसाच्या अख्ख्या शरीरात पेशी असतात साधारण ३० ते ३७ लाख कोटी. म्हणजे मोठ्या माणसाच्या एकूण पेशींच्या वीसपट विषाणू एका तान्ह्या बाळात जातात, मज्जारज्जूतल्या मूठभर पेशींपर्यंत पुरेसे पोचावेत म्हणून.

आणि ते पोचतात, हेही सांगितलं पाहिजे. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या १५ बाळांचा अहवाल आला. वयाच्या विसाव्या महिन्यात पंधराही जिवंत होती आणि कुणालाही कायमचा व्हेंटिलेटर लागला नव्हता. उपचाराविना अशी बाळं शंभरात आठच राहत. मोठी मात्रा मिळालेल्या १२ पैकी ११ आधाराशिवाय बसली, दोन चालली. ज्यानं असं बाळ मांडीवर घेतलंय, त्याला ‘आधाराशिवाय बसलं’ या शब्दांचं वजन कळेल.

पण जास्त पाकिटांची किंमत शरीराला मोजावी लागते. या क्षेत्रानं ती फार आधी मोजली आहे. जेसी गेल्सिंगर, १८ वर्षांचा अमेरिकन मुलगा. त्याच्या यकृतात एका विकराची कमतरता होती, त्यामुळं शरीरातला अमोनिया बाहेर पडत नसे. आहार आणि गोळ्यांवर त्याचं बरं चाललं होतं. याच आजारानं जन्मलेल्या बाळांना पुढं उपयोग होईल म्हणून तो पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या चाचणीत आपणहून दाखल झाला. १३ सप्टेंबर १९९९ ला त्याला ३८ लाख कोटी कण देण्यात आले. तो एएव्ही नव्हता, अ‍ॅडिनोव्हायरस होता, शरीराला जास्त चिथावणारा. विषाणू यकृताच्या रक्तवाहिनीत सोडला होता, तरी तो यकृतात थांबला नाही. प्रतिकारशक्ती पेटून उठली, एकेक अवयव बंद पडला, आणि १७ सप्टेंबरला जेसी गेला.

नंतर चौकशीत पुढं आलं की इंजेक्शनच्या आधी त्याच्या रक्तातला अमोनिया ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होता. तशाच प्रकारच्या विषाणूच्या मोठ्या मात्रेनं माकडं दगावल्याची माहिती त्याला दिलेल्या संमतीपत्रात नव्हती. विषाणूचा पत्ता चुकला हे एक, आणि ज्याच्या शरीरात तो सोडायचा त्यालाच पुरतं सांगितलं नाही हे दुसरं. मला दुसरी चूक जास्त मोठी वाटते.

एएव्ही त्यापेक्षा सौम्य आहे, पण मात्रा वाढली की तोही सौम्य राहत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये स्नायूंच्या एका दुर्मीळ आजारावरच्या चाचणीत एएव्हीची फार मोठी मात्रा घेतलेले चार मुलगे दगावले. चौघांच्याही यकृताला त्रास झाला होता. २०२५ मध्ये ड्युशेनसाठीचं एएव्ही औषध घेतलेल्या, चालू न शकणाऱ्या दोन किशोरांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. म्हणून पत्ता पक्का करण्याच्या कामाला मी चैनीचं संशोधन म्हणत नाही. पत्ता पक्का झाला तर मात्रा कमी होते आणि यकृतावरचं ओझं उतरतं.

माझ्या मशीनवर चालतं

आता या विषयातली मला सर्वात शिकवून गेलेली गोष्ट सांगतो. सॉफ्टवेअरवाल्यांना ती लगेच कळेल.

कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत बेंजामिन डेव्हरमन आणि विवियाना ग्रॅडिनारू यांच्या गटानं ठरवलं की मेंदूत शिरणारं कवच शोधायचं. नक्षी डोक्यानं आखण्याऐवजी त्यांनी निवड निसर्गावर सोपवली. एएव्ही-९ च्या कवचात ५८८ आणि ५८९ या दोन जागांच्या मध्ये सात अमिनो आम्लांचा एक तुकडा घुसवायचा. अमिनो आम्लं २०, जागा सात, म्हणजे शक्यता २० चा सातवा घात : १२८ कोटी. असे असंख्य वेगवेगळे तुकडे घातलेले विषाणू एकत्र करून उंदरांच्या शिरेत सोडायचे, मग मेंदूतल्या ठरावीक पेशींत जे खरोखर पोचले तेवढ्यांचाच मजकूर परत वाचायचा. पोचलेल्यांची पुन्हा फौज करायची, पुन्हा सोडायची. चाळणीनं चाळत जावं तसं.

२०१६ मध्ये निकाल छापून आला. एक कवच एएव्ही-९ पेक्षा किमान ४० पट जास्त प्रमाणात मेंदूत पोचत होतं. दिवंगत मेंदूशास्त्रज्ञ पॉल पॅटरसन यांच्या नावावरून त्याला पीएचपी-बी म्हटलं गेलं. विचार करा, ४० पट. एसएमएसारख्या आजारात मात्रा तेवढी खाली आली असती तर! जगभरच्या प्रयोगशाळांनी ते कवच मागवून घेतलं.

आणि मग एकेक निरोप येऊ लागला. उंदराच्या दुसऱ्या जातीत चालत नाही. माकडात चालत नाही. २०१८ मध्ये छापून आलं की ही करामत प्रयोगशाळेतल्या ठरावीक उंदरांपुरतीच आहे. २०१९ मध्ये कारण सापडलं. त्या उंदरांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींवर एलवाय-६ए नावाचं प्रथिन असतं, आणि पीएचपी-बीची किल्ली त्या कुलपाला बसते. उंदराच्या दुसऱ्या जातीत ते कुलूप थोडं वेगळं आहे. माकडात आणि माणसात ते नाहीच.

आमच्या धंद्यात एक वाक्य रोज ऐकू येतं : “माझ्या मशीनवर तर चालतंय.” चाचणीचं वातावरण एक, गिऱ्हाइकाचं वातावरण दुसरं. पीएचपी-बी मध्ये कुणी फसवलं नव्हतं, आकडे खोटे नव्हते. चाळणी चोख होती. पण चाळणी जे विचारेल तेच सांगते. तिला विचारलं होतं, “या उंदराच्या मेंदूत कोण पोचतं?” तिनं अचूक उत्तर दिलं. आपल्याला वाटलं की तिनं माणसाबद्दल सांगितलं.

डेव्हरमन तिथंच थांबले नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं. ते पुढं ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि त्यांच्या गटानं प्रश्न उलटा केला. आधी कुलूप निवडायचं, जे माणसाच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर नक्की असतं. त्यांनी ट्रान्सफेरिन रिसेप्टर निवडला. मेंदूला लोह लागतं, आणि ते आत नेणारं दार म्हणजे हा रेणू. मग या मानवी रेणूला चिकटणारं कवच शोधलं. उंदरात माणसाचं हे जनुक बसवून त्यावर चाचणी केली. २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं : अशा उंदरांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत एएव्ही-९ च्या ४० ते ५० पट काम होतं. हाही प्रयोग उंदरावरचाच आहे, माणसावर अजून उतरायचा आहे. पण यावेळी कुलूप माणसाचं आहे.

हे मी मामूंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बरोबर आहे. अर्धवट पत्त्याची पत्रंसुद्धा मी पोचवायचो. मोहल्ला ओळखीचा होता म्हणून.”

संगणकाचं काम

तुमच्यातले काही जण कोडिंग शिकताय, त्यांच्यासाठी थोडं. १२८ कोटी शक्यता एका छोट्या तुकड्याच्या. संपूर्ण कवचाचा विचार केला तर आकडा लिहायला कागद पुरणार नाही, आणि त्यातली बहुतेक कवचं जुळतच नाहीत, आधीच कोसळतात. २०२१ मध्ये एका गटानं एएव्ही-२ च्या कवचातल्या २८ अमिनो आम्लांच्या पट्ट्यासाठी मशीन लर्निंगनं २,०१,४२६ रचना तयार केल्या. प्रयोगशाळेत बनवून पाहिल्यावर १,१०,६८९ कवचं उभी राहिली. निम्म्याहून जास्त! त्यातली कित्येक निसर्गातल्या प्रकारांपेक्षाही वेगळी होती.

पण कवच उभं राहणं वेगळं आणि योग्य घरी पोचणं वेगळं. पोचण्याची माहिती जिवंत शरीरातूनच येते. मॉडेल कितीही हुशार असो, ते कुणाच्या शरीरातली माहिती खाऊन वाढलंय हा प्रश्न उरतोच.

कवचाशिवाय आणखी दोन कड्या लावता येतात. एक, पत्राच्या सुरुवातीलाच असा डीएनएचा बटण-तुकडा ठेवायचा की तो ठरावीक प्रकारच्या पेशीतच चालू होतो. पाकीट चुकीच्या घरी गेलं तरी तिथं पत्र कुणी वाचत नाही. दुसरी, यकृताच्या पेशींत एमआयआर-१२२ नावाचा छोटा आरएनए भरपूर असतो. त्याला ओळखता येईल अशी खूण पत्रात ठेवली की यकृत ते पत्र स्वतःच फाडतं. पण या दोन्ही कड्या पाकीट पोचल्यानंतरच्या आहेत. यकृतात आलेल्या कवचांचा ढीग त्यांनी कमी होत नाही. त्यासाठी पत्ताच सुधारावा लागतो.

घरच पोस्टात न्यायचं

आपल्या देशात काय चाललंय? इथं मला अभिमान वाटतो, आणि त्याला कारण आहे. भारतातल्या दोन मोठ्या कामांनी पत्त्याचा प्रश्न वेगळ्याच बाजूनं सोडवला. विषाणू शरीरात सोडायचाच नाही. पेशी बाहेर काढायच्या, बाहेरच विषाणूशी भेट घडवायची, मग पेशी परत द्यायच्या. पोस्टमननं घर शोधण्याऐवजी घरालाच पोस्टात आणायचं.

यासाठी लेंटिव्हायरस वापरतात. तो एचआयव्हीच्या सुट्या भागांपासून बनवलेला असतो. दचकू नका. मूळ विषाणूची आजार पसरवणारी जनुकं काढलेली असतात, आणि बनवताना उरलेले भाग वेगवेगळ्या तुकड्यांत विभागलेले असतात, म्हणजे पुन्हा पूर्ण विषाणू तयार होऊ नये. मात्र हा विषाणू आपलं जनुक पेशीच्या डीएनएत कायमचं चिकटवतो, त्यामुळं कुठं चिकटलं याला महत्त्व असतं. या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर जुन्या प्रकारच्या रेट्रोव्हायरसनं उपचार झाले. मुलं बरी झाली, पण काहींच्या बाबतीत जनुक भलत्या ठिकाणी चिकटलं आणि त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. पेशीच्या आतही एक पत्ता असतो, तो असा. पुढचे लेंटिव्हायरस हा धडा गिरवूनच घडवले गेले, तरी अशा रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं.

पहिलं काम आपल्या मुंबईतलं. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर नेक्सकार-१९ हा उपचार उभा केला. रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, लेंटिव्हायरसनं त्यांना सीडी-१९ ही खूण ओळखायला शिकवायचं, आणि परत सोडायच्या. त्या खुणेच्या कर्करोगपेशी त्या शोधून मारतात. पहिला रुग्ण जून २०२१ मध्ये, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता, आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते आयआयटीत लोकार्पण. किंमत परदेशातल्या अशा उपचाराच्या सुमारे एक दशांश. सामान्य घराला तीही जड आहे, हे खरं. पण सोळा कोटी आणि काही लाख यांत फरक आहे. दुसऱ्यासाठी जमीन विकावी लागेल. पहिल्यासाठी गाव विकलं तरी भागणार नाही.

दुसरं काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधलं, अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या साथीनं. हिमोफिलिया-ए म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार. आलोक श्रीवास्तव यांच्या गटानं पाच रुग्णांच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून त्यांत जनुक घातलं. सोबत मघाशी सांगितलं तसं बटण ठेवलं, जे पांढऱ्या पेशींच्या एका ठरावीक घराण्यातच चालू होतं. डिसेंबर २०२४ मध्ये अहवाल आला : उपचारानंतरच्या पाहणीच्या काळात पाचही जणांना रक्तस्राव झाला नाही.

या मार्गाचा आपल्यासाठी आणखी एक फायदा आहे. एएव्ही जगभर पसरलेला आहे. अनेकांना लहानपणीच त्याची लागण होऊन गेलेली असते आणि रक्तात प्रतिपिंडं असतात. अशांना एएव्हीचा उपचार देता येत नाही, दारातच पाकीट फाडलं जातं. हे प्रमाण देशागणिक बदलतं. पेशी बाहेर काढून उपचार केला तर ही अडचण येत नाही. अर्थात मज्जारज्जूतल्या पेशी बाहेर काढता येत नाहीत. आपाच्या मुलासाठी पत्ता पक्का असलेला विषाणूच लागला असता.

आपल्या घरातली गोष्ट

आता जे बोलणार आहे ते थोडं अवघड आहे. बाळ गेल्यावर आपाला काय ऐकावं लागलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. तिच्या कुशीत दोष आहे, म्हणाले. शिकलेल्या माणसांनीही.

एसएमएसाठी जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणसाला काहीच होत नाही, त्याला पत्ताही नसतो. जगात साधारण ४० ते ६० माणसांमागे एक जण असा असतो. या सभागृहातही असेल, कदाचित मीच असेन. अशा दोघांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. दोष द्यायचाच झाला तर निम्मा निम्मा, पण हा दोष कुणाचाच नाही.

आपाचं लग्न फुफीच्या मुलाशी झालंय. नात्यात लग्न केलं की मूल आजारीच होतं असं नाही, बहुतेक मुलं ठणठणीत असतात. पण एकाच आजोबांचं बिघडलेलं जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, हे गणित आहे. आपल्याकडं चुलत-मावस नात्यांत लग्नं होतात, महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू घरांत मामाच्या मुलीशी होतात. गणित धर्म विचारत नाही. रक्ताच्या एका तपासणीत कळतं. घरात असा आजार होऊन गेला असेल तर लग्नाआधी, निदान मुलाआधी, दोघांनी ती करावी. दोघांनी, फक्त मुलीनं नाही. आपा आणि भाईजाननी मागच्या वर्षी जनुकीय सल्लागाराकडं जाऊन ती केली. पुढचा निर्णय त्यांचा आहे, पण आता तो माहितीवर घेतला जाईल.

शेवटी एवढंच. सोळा कोटींचा मेसेज आला तर खात्री करून जमेल तेवढं जरूर पाठवा. पण त्या आकड्यामागं काय आहे तेही समजून घ्या. किंमत फक्त बनवण्याच्या खर्चावरून ठरत नाही, म्हणून मात्रा कमी झाली की औषध आपोआप स्वस्त होईल असं मी म्हणणार नाही. ते मुंबईत घडलं तसं इथं उभं राहिलेल्या कामानं घडतं. आणि तुमच्यापैकी कुणी बारावीला जीवशास्त्र सोडायच्या विचारात असेल, तर माझं ऐका, सोडू नका. गणितासोबत ठेवा. इथल्या रक्तात किती प्रतिपिंडं आहेत, इथल्या घरांत कुठली जनुकं बिघडलेली आहेत, ही मोजणी बाहेरून येऊन कुणी आपल्यासाठी करणार नाही. आणि चाचणीत सहभागी व्हायची वेळ आली तर संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका, घरच्यांनाही करू देऊ नका. विचारा : हे कुणावर तपासलंय? काय बिघडलं होतं? जेसीला हे सांगितलं गेलं नव्हतं.

मामूंच्या प्रश्नाचं माझं आजचं उत्तर असं आहे : पत्ता माणसंच सांगतात. मोहल्ला नीट पाहून सांगितला तर पत्र पोचतं.

प्रश्न असतील तर विचारा, जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.